गगनबावड्यात धो-धो, शिरोळात कोरडं: हवामानाच्या अंदाजाची माहिती गोळा होते कशी?

प्रश्न कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेच्या शिरोळ तालुक्यातल्या एका तरुण ऊस बागायतदाराचा आहे. गगनबावडा त्याच जिल्ह्यात, पण पश्चिमेला घाटात. थोडक्यात असा: "काका, मोबाईलवर जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट दाखवतात. गगनबावड्यात धो-धो कोसळतो आणि आमच्याकडं रानसुद्धा भिजत नाही. वेधशाळेला ही सगळी माहिती मिळते तरी कुठनं? कोण मोजतं? का नुसता सॅटेलाइटचा फोटो बघून ठोकून देतात? आणि मी माझ्या रानात पाऊस मोजायला लागलो तर त्याचा काही उपयोग?"

ठोकून देत नाहीत. माझी सगळी नोकरी हवामान निरीक्षक म्हणून गेली, त्यामुळं मोजतं कोण, याचं उत्तर "माझ्यासारखी माणसं" असं आहे. आता यंत्रंही मोजतात. पण सुरुवात माणसापासूनच करतो, कारण यंत्रानं दिलेला आकडा खरा की खोटा हे अजूनही माणसाच्या आकड्याशी ताडूनच ठरतं.

सकाळी साडेआठ ही आमच्या धंद्यातली आरतीची वेळ. जागतिक घड्याळात तेव्हा ३ वाजलेले असतात. देशातल्या साऱ्या वेधशाळांत त्याच वेळी निरीक्षक वही घेऊन अंगणात उतरतो. मोठ्या केंद्रांवर हे दर तीन तासांनी, रात्रंदिवस चालतं. लहान केंद्रांवर सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, असं दोनदा. पाच मिनिटं इकडंतिकडं झाली तर काय बिघडतं, असं नव्या पोरांना वाटायचं. बिघडतं ते असं की अंदाज बांधणाऱ्याला एकाच क्षणाचं चित्र हवं असतं. रत्नागिरीचं वारं साडेआठचं आणि कोल्हापूरचं साडेनऊचं घेतलं, तर दोघांतला फरक जागेचा की वेळेचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

अंगणात एक पांढरी लाकडी पेटी असते, चारी बाजूंनी झडपांची. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. आत वारा खेळावा पण ऊन शिरू नये अशी तिची रचना असते. दार उत्तरेला, म्हणजे दार उघडलं तरी सूर्य थेट आत येत नाही. आत चार तापमापक. एक साधा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीचं ओलं फडकं गुंडाळलेलं. तिसरा दिवसाचं कमाल तापमान धरून ठेवतो, ताप मोजायच्या जुन्या थर्मामीटरसारखा, त्याला झटकून पारा खाली आणावा लागतो. चौथा किमान तापमानाचा. तो आडवा असतो, त्यात पाऱ्याऐवजी अल्कोहोल आणि त्यात काचेची बारीक काडी. थंडी वाढली की अल्कोहोल आक्रसतं आणि काडीला मागं ओढतं. ऊन वाढलं की ते पुढं सरकतं, पण काडी जागेवर राहते. रात्री किती उतरलं होतं, ते ती काडी सकाळी दाखवते.

यातला ओल्या फडक्याचा तापमापक माझा आवडता. हवा कोरडी असेल तर फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि तो पारा खाली जातो. मार्चमधल्या दुपारी साध्या आणि ओल्या तापमापकात दहा-बारा अंशांहून जास्त फरक पडतो. आषाढात सलग पाऊस लागला की दोघांत एका अंशाचाही फरक उरत नाही. या एका फरकावरून हवेतली आर्द्रता निघते. मात्र फडकं मळलं, त्यावर क्षार चढले, किंवा वाटीतलं पाणी आटलं, की आकडा चुकलाच. बोअरचं पाणी तिथं चालत नाही.

हवेचा दाब वाचताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, जी बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. आपल्या भागात दाब दिवसातून दोनदा आपोआप वरखाली होतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. स्वच्छ ऊन असलं तरीही. त्यामुळं सकाळपेक्षा दुपारी दाब कमी झाला म्हणून वादळ येतंय असं कुणी म्हटलं तर हसायचं. खरी तुलना कालच्या याच वेळेशी करायची. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच. इथला दाब रत्नागिरीपेक्षा मुळातच साठ-पासष्ट हेक्टोपास्कलनं कमी. नकाशावर मांडण्यापूर्वी प्रत्येक गावचा दाब समुद्रसपाटीवर आणून ठेवावा लागतो, नाहीतर सगळा सह्याद्रीच कमी दाबाचा पट्टा दिसेल.

वाऱ्याची दिशा आणि वेग दहा मीटर उंचीच्या खांबावर मोजतात. ढग मात्र आम्ही डोळ्यांनीच मोजले. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकलेत ते सांगायचं. ढगाची जात, त्याच्या तळाची उंची, दृश्यमानता, सगळं नजरेनं. पन्हाळा दिसतोय का, जोतिबाचा डोंगर दिसतोय का, यावरून किती किलोमीटरपर्यंत दिसतंय ते ठरतं. किती अंतरावर कुठली खूण आहे, याची यादी प्रत्येक केंद्रावर आधीच केलेली असते.

मग हे सगळं पाच-पाच आकड्यांच्या गटांत बसवायचं. उदाहरणार्थ १०२६४. यातला पहिला १ म्हणजे हा तापमानाचा गट, पुढचा ० म्हणजे शून्याच्या वर, आणि २६४ म्हणजे २६.४ अंश. प्रत्येक केंद्राला स्वतःचा पाच आकडी क्रमांक, भारतातल्या केंद्रांचा ४२ किंवा ४३ नं सुरू होणारा. भाषा कोणतीही असो, जपानमधल्या माणसालाही तो संदेश तसाच कळतो. पूर्वी तो तारेनं, टेलिप्रिंटरनं जायचा, आता संगणकावरून जातो. जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्यातून काही मिनिटांत आपला आकडा जगभर आणि त्यांचे आपल्याकडं. यात कुणी कुणाला बिल लावत नाही. शेजारी देशाशी भांडण असलं तरी त्याचं तापमान आपल्याला मिळतं.

आता पाऊस. पर्जन्यमापक म्हणजे नरसाळं, त्याखाली बाटली आणि शेजारी मोजायची काचेची नळी, बस. पण यातच सर्वांत जास्त चुका होतात. एक माझ्या डोळ्यांदेखतची सांगतो. गाव आणि कार्यालय सांगत नाही. एका केंद्राचा पाऊस एका जूनपासून आजूबाजूच्या गावांपेक्षा फार चढायला लागला. शेजारी ४० मिलिमीटर, तर इथं ८० च्या घरात. शेजारी १२, इथं २५. सगळे म्हणाले, डोंगराच्या तोंडावर आहे, तिथं जास्तच पडणार. मला खटकलं ते दुपटीचं. निसर्ग रोज नेमका दुपटीनं पडत नाही. जाऊन बघितलं, तर नरसाळं २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचं आणि मोजायची नळी १०० चौरस सेंटिमीटरवाली. जुनी नळी फुटली होती, कुणीतरी कपाटात सापडली ती दुसरी दिली होती. मोठ्या नरसाळ्यात एक मिलिमीटर पावसाचं २० मिलिलिटर पाणी जमतं. छोट्या नळीवर १० मिलिलिटरलाच एक मिलिमीटरची खूण. म्हणजे प्रत्येक पाऊस दुप्पट. दोन-अडीच महिन्यांची वही लाल शाईनं दुरुस्त करावी लागली.

स्वयंचलित यंत्रांत नळी नसते. आत छोट्या सी-सॉसारखा दोन चमच्यांचा तराजू असतो. ठरलेलं माप, समजा अर्धा मिलिमीटर, भरलं की एक चमचा कलंडतो, दुसरा वर येतो, आणि दर कलंडण्याची नोंद मोबाईलच्या जाळ्यातून किंवा उपग्रहावरून जाते. उत्तम व्यवस्था. दर पंधरा मिनिटांचा पाऊस कळतो, रात्री कुणाला उठावं लागत नाही. राज्यात महसूल मंडळ पातळीवर महावेध या सरकारी प्रकल्पाची अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं झाली, नदीखोऱ्यांसाठी जलसंपदा विभागाचं वेगळं जाळं आहे. पण गुलमोहराचं एक पान नरसाळ्यात अडकलं, की भर पावसात आकडा शून्य. कोळ्यानं जाळं विणलं तरी तेच. आणि पाऊस फार जोराचा असला तर एक चमचा कलंडून दुसरा वर येईपर्यंत थोडं पाणी निसटतंच. मंडळाच्या आकड्यावर हवामानावर आधारित फळपीक विमा आणि अतिवृष्टीची मदत ठरते, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. त्यामुळं यंत्राच्या शेजारी कुणी झाड लावलंय का, गोठ्याची भिंत उठवलीय का, हे गावानं बघायला हवं. मापक सर्वांत जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा.

इथवर झालं ते जमिनीवरचं. पण पाऊस जमिनीवर तयार होत नाही. म्हणून रोज पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला फुगा सोडतात. आपल्याला जवळची अशी केंद्रं म्हणजे गोवा आणि मुंबई. हायड्रोजन भरलेला मोठा पांढरा फुगा, त्याखाली दोरीला हलकी डबी. डबीत तापमान, आर्द्रता आणि दाबाचे संवेदक, शिवाय जीपीएस. मिनिटाला साधारण ३०० मीटर या वेगानं तो चढतो आणि दर क्षणाचा आकडा रेडिओवरून खाली पाठवतो. वर दाब कमी, म्हणून फुगा फुगत जातो आणि ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो. कधी कुणाच्या रानात अशी डबी सापडली की गावभर चर्चा होते. घाबरायचं कारण नसतं.

पावसाळ्यातला त्याचा प्रवास मोठा गंमतीचा. खाली पश्चिमेचं वारं, त्यामुळं सुटला की फुगा आधी पूर्वेला, घाटाकडं येतो. मग उंच गेल्यावर वारं पूर्वेचं लागतं आणि तोच फुगा उलटा समुद्राकडं निघतो. डोळ्यांना आकाश एकच दिसतं, पण त्यात दोन नद्या एकमेकींच्या उलट्या वाहत असतात. आपल्या घाटावर किती कोसळणार, हे ठरवायला मी तरी सर्वांत आधी फुग्याचा दीड किलोमीटर उंचीवरचा वारा बघायचो. तिथं पश्चिमेचा वारा ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर आणि ओलावा पाच-सहा किलोमीटर उंचीपर्यंत भरलेला, असं दिसलं की गगनबावडा, राधानगरी, दाजीपूरची चिंता करायची. वारा पडलेला असेल, तर आकाश काळंभोर असलं तरी नुसती भुरभुर.

उपग्रहाचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. इन्सॅट-३डीआर २०१६ मध्ये गेला, इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर ते एकाच जागी टांगल्यासारखे असतात आणि दर अर्ध्या तासाला सबंध देशाचं चित्र देतात. रात्रीही, कारण ते नुसता उजेडच नव्हे तर उष्णताही बघतात. ढगाचा माथा जितका गार, तितका तो उंच. शिवाय ध्रुवांवरून फिरणारे, कमी उंचीवरचे उपग्रह असतात, ते हवेतल्या तापमान-ओलाव्याचे थर वाचतात. संगणकाला मिळणाऱ्या माहितीत आकड्यांनी बघितलं तर सिंहाचा वाटा उपग्रहांचाच.

अरबी समुद्रावर वेधशाळा बांधता येत नाही आणि आपला पाऊस तर तिथूनच येतो. तिथं नांगरून ठेवलेले तरंगते बोये असतात, समुद्रात दोन हजार मीटर खोल बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येऊन आकडे देणारे आर्गो फ्लोट असतात, आणि जाता-येता निरीक्षणं पाठवणारी मालवाहू जहाजं. प्रवासी विमानंही उडताना वाऱ्याचे आणि तापमानाचे आकडे देत असतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये विमानं जमिनीवर बसली, तेव्हा जगभरच्या वेधशाळांना हे आकडे एकदम कमी पडले होते.

आता रडार, आणि इथं तुमच्या प्रश्नाची खरी गाठ आहे. रडार लहरी सोडतं, पावसाच्या थेंबांवर आपटून त्या परत येतात. किती जोरानं परत आल्या त्यावरून पाऊस केवढा, आणि त्यांच्या कंपनांत किती बदल झाला त्यावरून थेंब रडारकडं येताहेत की लांब जाताहेत ते कळतं. डॉप्लर म्हणतात ते हेच. गोव्याचं रडार कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटरवर. लहर सरळ जाते, पृथ्वी मात्र खाली वळत जाते. त्यात लहर जमिनीला घासू नये म्हणून अर्धा अंश वर करून सोडावी लागते. हिशेब केला तर कोल्हापूरवर येईपर्यंत ती समुद्रसपाटीपासून अडीच किलोमीटरच्या आसपास उंच गेलेली असते. म्हणजे आपल्या डोक्याच्या दोनेक किलोमीटर वर काय चाललंय ते रडारला दिसतं, त्याखालचं नाही.

एप्रिल-मेमधल्या वळवाला हे चालतं. वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच. दुपारी तीनला ढग उठला, पाचला गारा, सगळं रडारवर स्वच्छ दिसतं, आणि पुढच्या तीन तासांचा इशारा देता येतो. जुलैमधला घाटाचा पाऊस मात्र बुटका असतो. समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीला धडकतो, चढतो, गार होतो आणि तिथंच रिकामा होतो. ढग फार उंच नसतात, थेंब बऱ्याच अंशी खालच्या दोन-तीन किलोमीटरांतच मोठे होतात. रडारची लहर त्यांच्या डोक्यावरून निघून जाते. उपग्रहालाही माथा फारसा गार दिसत नाही, म्हणून त्याला वाटतं पाऊस साधाच आहे. आणि खाली गगनबावड्यात दिवसाला २०० मिलिमीटर. आमच्याकडं हे असं कितीदा घडलं, त्याचा हिशेब नाही. घाटातल्या साध्या बाटलीच्या पर्जन्यमापकाला मी एवढं महत्त्व देतो ते यासाठी. आपल्या बुटक्या पावसाला खालूनच मोजावं लागतं.

शिरोळचं उलट आहे. डोंगर उतरल्यावर वारा खाली येतो, तापतो, कोरडा होतो. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि तुमच्याकडं त्याच्याही निम्म्याच्या जवळपास. एवढी मोठी उतरंड एकाच जिल्ह्यात. त्यात अलर्ट सबंध जिल्ह्याला असतो. अलीकडं हवामानाच्या अंदाजाच्या पत्रकात कोल्हापूरचा घाट परिसर असा वेगळा उल्लेख येतो, तो वाचत जा. "तुरळक ठिकाणी" या शब्दाचाही अर्थ ठरलेला आहे, भागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर. "मुसळधार तुरळक ठिकाणी" असं लिहिलंय आणि तुमच्याकडं पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही.

या साऱ्या आकड्यांचं पुढं काय होतं तेही सांगतो. महासंगणक वातावरणाचे चौकोन पाडतो. भारताच्या मुख्य प्रारूपात, म्हणजे अंदाजाच्या गणितात, आधी ते १२ किलोमीटरचे होते, मे २०२५ पासून ६ किलोमीटरचं प्रारूपही वापरात आलं. प्रत्येक चौकोनात आत्ताची हवा कशी आहे ते आधी भरावं लागतं. त्यासाठी आधीच्या अंदाजानं आत्तासाठी काय सांगितलं होतं ते घेतात आणि प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांनी ते दुरुस्त करतात. शेजाऱ्यांशी न जुळणारा आकडा यात बाजूला टाकला जातो. म्हणजे आमच्या त्या दुपटीच्या नळीसारखी चूक कधीकधी पकडली जाते, आणि कधीकधी घाटातला खरा, पण अविश्वसनीय वाटणारा आकडाही शंकेच्या घेऱ्यात येतो. १२ किलोमीटरच्या चौकोनात घाटाचा कडा आणि त्यामागचं पठार एकत्र मिसळून जातं. सहाचा चौकोन त्यापेक्षा बरा, पण गगनबावड्याची दरी त्यातही बोथटच दिसणार.

तुम्हाला पाऊस लागत नसला तरी घाटाचे आकडे बघायची सवय ठेवा. तुमच्याकडं पाणी आभाळातून येत नाही, नदीतून येतं. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती, पंचगंगेला पाणी आणणाऱ्या या सगळ्या नद्या घाटातल्या पावसानं भरतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळी शिरोळमधल्या गावांत पाणी शिरलं, ते तिथं पडलेल्या पावसाचं नव्हतं.

राहिलं रानातल्या मापकाचं. जरूर बसवा. सरळ उभ्या भिंतीचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा डबा घ्या. बादली नको, ती वर रुंद असते. रानाच्या मोकळ्या भागात, झाडांपासून आणि उसापासून लांब, जमिनीपासून फूटभर उंच आणि अगदी सपाटीत पक्का करा. सकाळी साडेआठला मिलिमीटरची पट्टी आत उभी धरा, जेवढी भिजली तेवढा पाऊस. डब्याचं तोंड केवढंही असलं तरी चालतं, कारण भिंती सरळ आहेत. एक मिलिमीटर म्हणजे गुंठ्याला सुमारे शंभर लिटर पाणी, त्यावरून पाळी द्यायची की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. पाणी ओतून टाका, डबा पुन्हा ठेवा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, रकाना कोरा सोडू नका, नाहीतर महिन्यानं बघताना पाऊस नव्हता की तुम्ही जत्रेला गेला होता ते कळत नाही. आणि आज सकाळी मोजलेला पाऊस आजच्याच तारखेला लिहायचा, तो काल दुपारी पडलेला असला तरी. वेधशाळेचा नियम तोच आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांची गल्लत इथंच होते.